उलटे घड्याळ

आमच्या चिंचवडच्या घरी, देव्हाऱ्याखालच्या खणात, खरेदीखते आणि जन्मदाखले यांच्या सान्निध्यात आजीचे एक छोटे घड्याळ आहे. ते टाचणीला लोंबते तेव्हा बाराचा आकडा खाली येतो. कारण जिच्या छातीवर ते लावलेले असेल त्या परिचारिकेने मान किंचित लववून वेळ वाचावी आणि तिचे दोन्ही हात रुग्णासाठी मोकळे राहावेत, एवढ्याचसाठी त्याची योजना असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात, लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 साली पुण्यात निघाले त्या सुमारास, आजी जखमी जवानांच्या शुश्रूषेस स्वखुशीने, बिनपगारी जात असे. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने 1909 नंतर विधवांनाही ससूनमध्ये शुश्रूषा शिकावयास धाडण्याचे धैर्य दाखविले होते, म्हणूनच आजीच्या वेळी वाड्यात कुरकुर झाली, ग्रामण्य झाले नाही. पुढे पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, आजोबा तेथे लागले आणि घड्याळ इकडे आले.

जेथे पगारपत्रक नाही तेथे सरकारी दफ्तराच्या लेखी माणूसही नाही, याचा मला पूर्वी विषाद वाटे. आता वाटते, नोंद झाली असती तरी हजर किंवा गैरहजर याखेरीज हजेरीपटात काय उतरले असते? मनगटावर तीन बोटे टेकून, सेकंदकाट्यावर नजर ठेवून ती अर्धा मिनिट ठोके मोजी आणि दुप्पट करी. आणि आकडा कितीही वाईट आला तरी चेहरा हलू देत नसे. "आपण नाडी मोजतो, तो आपलं तोंड मोजतो," असे ती म्हणे.

माझा मुलगा चाकणला मोटारींच्या जुळणीवर आहे. "पणजीपण सायकल टाइमच काढायची की!" असे तो म्हणाला तेव्हा आम्ही हसलो, पण त्याच्याकडे सेकंद मोजतात ते कमी करण्यासाठी, आणि आजीच्या हातातल्या मनगटाला घाई करता येत नसे, हा भेद त्यालाही क्षणभराने जाणवला असावा, कारण तो एकाएकी गप्प झाला.

गेल्या दिवाळीत काटा अडला म्हणून ते चिंचवडगावातल्या घड्याळजीकडे नेले. भिंग उतरवून, दुरुस्त घड्याळ पुढे करीत त्याने विचारले, "टाचणी दुसऱ्या बाजूला बसवून देऊ का? म्हणजे समोरच्याला सुलटं दिसेल."

मी नको म्हटले.