भोंगा वाजल्यानंतर

पृथ्वीला चंद्र किती, असा प्रश्न कुणी कॅमेऱ्यासमोर गंभीर चेहऱ्याने विचारला, तर ‘एक’ म्हणण्याआधी जरा थांबावं. बीबीसीवर २००३ साली ‘क्यूआय’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्याच पर्वात हा प्रश्न होता. ‘एक’ हे उत्तर आलं आणि कर्कश भोंगा वाजला, मागच्या पडद्यांवर ते उत्तर लुकलुकलं, बोलणाऱ्याचे गुण कापले गेले. कार्यक्रमाच्या मते बरोबर उत्तर होतं दोन. दुसरा ‘चंद्र’ म्हणजे १९८६ साली सापडलेला एक लघुग्रह. तो फिरतो सूर्याभोवतीच, पण त्याचं वर्ष जवळपास आपल्या वर्षाएवढं असल्यामुळे पृथ्वीच्या जोडीने चालल्यासारखा भासतो.

गंमत पुढे आहे. नंतरच्या पर्वांत हाच प्रश्न परत आला आणि तोवर कार्यक्रमाचं स्वतःचं उत्तर बदललेलं होतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘क्यूआय’ म्हणजे ‘क्वाइट इंटरेस्टिंग’, आणि उलट वाचलं तर आयक्यू. कल्पना जॉन लॉइड या निर्मात्याची. सुरुवातीपासून २०१६ पर्यंत सूत्रधार होता स्टीफन फ्राय, त्यानंतर सँडी टॉक्सविग. समोर चार जण, बहुतेक विनोदवीर. त्यातला ॲलन डेव्हिस कायमचा, आणि तळाचा नंबरही बऱ्याचदा त्याचाच. प्रत्येक पर्वाला इंग्रजी वर्णमालेतलं एक अक्षर. प्रश्न असे की सगळ्यांना उत्तर येतं असं वाटावं, आणि सगळ्यांना येणारं ते उत्तर चुकीचं असावं. साध्या चुकीला फारशी शिक्षा नाही. अपेक्षित चूक केली की मात्र भोंगा. गुण नेमके कसे मोजतात हे कुणालाच कळत नाही आणि त्याने कुणाचं काही अडतही नाही.

यूट्यूबवर याच्या क्लिप्स मी किती पाहिल्यात याचा हिशेब नाही. अर्धा वेळ ही मंडळी नुसती हुज्जत घालत असतात. कुठल्या राजाने काय खाल्लं, कोण कशाने मेला, अमुक वाक्य खरंच कुणी म्हटलं होतं का. एक जण ठासून सांगतो, दुसरा ‘हे तू आत्ता बनवलंस’ म्हणून त्याला खाली खेचतो, सूत्रधार हातातलं कार्ड वाचून दोघांनाही चूक ठरवतो. आणि इतकं होऊन सर्वांत जास्त आवडतो तो सतत हरणारा माणूस.

पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतो. दुसऱ्याला ‘चूक!’ म्हणताना आपल्याला जो आनंद होतो, तो नक्की कशाचा असतो? खरं काय ते कळल्याचा, की समोरचा पडल्याचा?

आपल्याकडे याचा विचार फार पूर्वी झाला आहे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार मानले: वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे खरं काय ते कळावं म्हणून केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. तिथे शब्दांचे छक्केपंजे चालतात. वितंडेत स्वतःचं काही मांडायचंच नसतं, समोरच्याचं तेवढं खोडायचं. मराठीतला ‘वितंडवाद’ तिथूनच आला. हरण्याच्या जागाही त्यांनी मोजून ठेवल्यात: २२ निग्रहस्थानं. एकच गोष्ट पुन्हा बोलणं, विषय सोडून भलतीकडे जाणं, वेळेवर उत्तर न सुचणं. यांपैकी कुठेही पोचलात की हरलात. हे नियम लावले तर ‘क्यूआय’मधले चौघेही पहिल्या पाच मिनिटांत बाद होतील.

न्यायसूत्रांनी जल्प आणि वितंडा यांना सरसकट वाईट ठरवलेलं नाही. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं सत्याच्या रक्षणासाठी यांचा उपयोग आहे, असं त्यांचं म्हणणं. हे मला पटतं. घरच्या ग्रुपवर कुणी एखाद्या औषधाबद्दल भलतंसलतं पुढे ढकललं, तर तिथे भोंगा वाजलाच पाहिजे, आणि मोठ्याने वाजला पाहिजे. गप्प बसून सगळ्यांशी गोड राहणं हा सभ्यपणा नव्हे.

पण कुंपणच शेत खातं, ही म्हणही आपलीच. ‘ॲक्च्युअली’ने सुरू होणाऱ्या कमेंट्स वाचा. एखादी मुलगी मन लावून काहीतरी लिहिते, खालच्या पहिल्या प्रतिक्रियेत कुणीतरी तिची तारीख दुरुस्त करतो आणि निघून जातो. तारीख त्याची बरोबरच असते. लिहिणारीला काय म्हणायचं होतं, याच्याशी मात्र त्याला देणंघेणं नसतं.

इतिहासाच्या बाबतीत तर या सवयीने दुहेरी नुकसान होतं, कारण तिथे चुकीच्या उत्तरातही बराच इतिहास भरलेला असतो. नेपोलियन बुटका होता का? भोंगा. त्याची उंची ५ फूट २ इंच सांगितली जायची ती फ्रेंच मापात, आणि फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा. आजच्या हिशेबाने ती साधारण १६८ सेंटिमीटर भरते. त्या काळच्या फ्रेंच पुरुषांत हा माणूस ठेंगणा नव्हता. इथे गुण मिळतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण मग बुटका नेपोलियन आला कुठून? मापांच्या घोळाइतकाच तो आला जेम्स गिलरेसारख्या इंग्रज व्यंगचित्रकारांच्या कुंचल्यातून. त्यांनी त्याला आदळआपट करणारं चिमुकलं कार्टं करून टाकलं. ज्याच्या सैन्याची धास्ती होती, त्याला कागदावर तरी लहान करता येत होतं. म्हणजे ‘बुटका’ हे उत्तर नेपोलियनबद्दल खोटं असलं, तरी त्याला घाबरलेल्या देशाबद्दल ते बरंच खरं सांगतं.

‘ब्रेड नसेल तर केक खा’ हे मारी आंत्वानेतचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्यही असंच. रूसोच्या आत्मचरित्रात असं बोलणारी एक राजकन्या येते, पण तिचं नाव तिथे नाही, आणि तो भाग लिहिला गेला तेव्हा १७५५ साली जन्मलेली मारी अजून ऑस्ट्रियातच होती. शिवाय मूळ शब्द केक नसून ‘ब्रिओश’ आहे, म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव. सगळं बरोबर. तरी लोकांना ते वाक्य तिच्याच तोंडी का शोभून दिसलं, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर शोधायला पावाच्या किमतीपाशी आणि राजवाड्यातल्या उधळपट्टीपाशी जावं लागतं. भोंगा वाजला की खरं तर चर्चा इथे सुरू व्हायला हवी. आपण नेमके तिथेच थांबतो.

‘क्यूआय’ मला आवडतो तो एका प्रसंगामुळे. ‘के’ अक्षराच्या पर्वात ‘नॉलेज’, म्हणजे ज्ञान, या विषयावर एक भाग होता. त्यात कार्यक्रमाने मान्य केलं की आपण पूर्वी ठणकावून सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी आता खऱ्या राहिलेल्या नाहीत. ॲलन डेव्हिसची जी उत्तरं तेव्हा चूक ठरवली होती आणि नंतर बरोबर निघाली, त्यांचे कापलेले गुण त्याला परत देण्यात आले. सगळे हसले, कारण त्या गुणांना तशीही काही किंमत नव्हती. पण ज्याच्या हातात भोंगा आहे त्याने तो एकदा स्वतःवर वाजवून घेतला, ही गोष्ट लहान नाही. इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स याने २००२ सालच्या आपल्या पुस्तकात सत्याशी जोडलेले दोन सद्गुण सांगितले आहेत: अचूकता आणि प्रामाणिकपणा. मला वाटतं, अचूकतेलाच एक शेपूट आहे, ते आपण विसरतो. दुसऱ्याचं उत्तर तपासताना आपलं उत्तरही तपासायला खुलं ठेवणं. ते नसेल तर अचूकपणा ही नुसती सत्ता होते.

इथे निबंध संपवला असता तर बरं झालं असतं. पण याच कार्यक्रमाची दुसरी एक गोष्ट आहे आणि ती माझ्या या नीटस निष्कर्षात बसत नाही.

डिसेंबर २०१० मध्ये एका भागात त्सुतोमु यामागुची या जपानी माणसाचा विषय निघाला. हा मित्सुबिशीचा अभियंता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी कंपनीच्या कामासाठी हिरोशिमात होता. बॉम्ब पडला तेव्हा सुमारे ३ किलोमीटरवर. भाजलेल्या अवस्थेत तो रेल्वेने आपल्या गावी परतला. गाव नागासाकी. ९ ऑगस्टला तो तिथे कामावर हजर झाला आणि दुसरा बॉम्ब पडला. दोन्ही बॉम्बमधून वाचलेला माणूस म्हणून २००९ साली जपानी सरकारने त्याची अधिकृत नोंद केली. २०१० च्या जानेवारीत, ९३ व्या वर्षी तो वारला. कार्यक्रमात त्याची ओळख करून दिली गेली ती जगातला सर्वांत दुर्दैवी माणूस म्हणून.

विनोद झाले. त्यातला मुख्य रोख ब्रिटिश रेल्वेवर होता: तिकडे अणुबॉम्बनंतरही गाड्या धावतात आणि आमच्याकडे रुळांवर पानं पडली तरी सगळं ठप्प. नुसता विनोद म्हणून पाहिला तर हा मला आजही चांगला वाटतो. ते स्वतःच्या देशाला हसत होते, यामागुचीला नाही. माहितीही बरोबर होती. तरी जपानमध्ये लोक दुखावले, लंडनमधल्या जपानी दूतावासाने निषेध नोंदवला आणि जानेवारी २०११ मध्ये बीबीसीने माफी मागितली. यामागुचींच्या मुलीचं म्हणणं साधं होतं: ज्या देशाकडे स्वतःची अण्वस्त्रं आहेत, तिथे या अनुभवावर हसू उमटावं, हे सहन होत नाही.

इथे भोंगा कुठे वाजवायचा? तपशील चुकलेला नाही, हेतू वाईट नाही, विनोदाचं लक्ष्य पीडित माणूस नाही. नेहमीची सगळी निग्रहस्थानं तपासली तरी कुणी सापडत नाही. म्हणून काहीजण म्हणतील, उगाच भावना दुखावून घेण्याचा हा प्रकार. ‘भावना दुखावल्या’ या शब्दांचा आपल्याकडे इतका धंदा झाला आहे की तसं म्हणण्याचा मोह मलाही होतो. पण त्या मुलीने बंदी मागितली असं नाही की विनोदच करू नका असंही नाही. तिने हसणारा कुठे उभा आहे ते दाखवलं. अचूकतेच्या परीक्षेत हा प्रश्न येतच नाही.

क्विझमध्ये माहितीचं वजन काढून घेतलेलं असतं. त्याशिवाय ती इतक्या पटापट या हातातून त्या हातात फेकता येणार नाही. वायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हती, हे असं खुशाल फेकावं. दुखावणारं कुणी उरलेलं नाही. पण काही गोष्टींचा मालक अजून हयात असतो, किंवा त्याची मुलगी असते, किंवा ती गोष्ट पुन्हा घडवू शकणारं शस्त्र अजून तळघरात ठेवलेलं असतं. अशी माहिती हलकी करून फेकताना निदान ती कुणाची आहे हे ठाऊक असावं. मग हसायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.

यामागुचींच्या कथेतला एक तपशील मी अनेकदा आठवतो. ९ ऑगस्टच्या सकाळी नागासाकीच्या ऑफिसात ते वरिष्ठांना हिरोशिमात काय झालं ते सांगत होते. वरिष्ठांचा विश्वास बसेना. एका बॉम्बने अख्खं शहर कसं नष्ट होईल? तेही अभियंता होते, आणि त्यांना जेवढं ठाऊक होतं त्यानुसार शंका अगदी रास्त होती. समोर भाजलेला, पट्ट्या बांधलेला माणूस उभा होता, आणि त्याला तो चुकतोय हे समजावून सांगितलं जात होतं. तेवढ्यात खिडकीबाहेर पुन्हा तोच पांढरा लखलखाट झाला.