वस्त्राचा अर्थ आणि वाचकाचे उत्तरदायित्व

वस्त्र ही एक भाषा आहे, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्यातील अडचण सहसा ध्यानात येत नाही. रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या फॅशनविषयक ग्रंथात प्रत्यक्ष वस्त्रांचे नव्हे, तर फॅशनच्या मासिकांत वस्त्रांविषयी जे लिहिले जाते त्याचे विश्लेषण केले. या निवडीतून निदान एवढे सूचित होते, की वस्त्र स्वतः फारसे नि:संदिग्ध बोलत नाही; त्याचा अर्थ स्थिर होतो तो चित्राखाली छापलेल्या मजकुरामुळे. मग एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो : हा मजकूर लिहिण्याचा अधिकार कोणाचा?

हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने उभा राहिला तो बार्थ यांच्याच देशात. १९८९ साली पॅरिसजवळच्या क्रेई या गावी तीन मुस्लिम विद्यार्थिनींना डोक्यावरील रुमालामुळे शाळेतून दूर ठेवण्यात आले. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेने, असे चिन्ह धारण करणे हे मूलतः धर्मनिरपेक्षतेशी विसंगत नाही, असा अभिप्राय दिला. परंतु १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत धार्मिक ओळख ठळकपणे प्रकट करणारी चिन्हे व वेश निषिद्ध ठरविले. रुमालाच्या बाबतीत या कायद्याला अर्थनिर्णयनाची फारशी अडचण नव्हती. अडचण आली ती दैनंदिन, आधुनिक वस्त्रांच्या बाबतीत. २००७ साली एका विद्यार्थिनीच्या बंडानाचा, म्हणजे कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या साध्या डोकेपट्टीचा, प्रश्न त्याच न्यायसंस्थेपुढे आला. ती मुलगी तो कधीच उतरवीत नाही, या वर्तनावरून तो धार्मिक ठरला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शिक्षणमंत्री गाब्रिएल अताल यांनी अबाया, म्हणजे लांब सैल झगा, शाळांत निषिद्ध असल्याचे जाहीर केले. त्यांनीच दिलेल्या माहितीनुसार शाळा उघडल्या त्या दिवशी २९८ मुली तो घालून आल्या आणि ६७ मुलींनी तो उतरविण्यास नकार दिल्याने त्यांना घरी पाठविण्यात आले.

येथे चिन्हमीमांसेच्या दृष्टीने एक विलक्षण गोष्ट घडते. लांब सैल झगा उन्हाळी पोशाख म्हणून युरोपभर विकला जातो. त्याचे कापड, त्याची शिवण, त्याची लांबी यांत धर्म शोधून सापडत नाही. तो अबाया आहे की नुसता झगा आहे, हे ठरवावयाचे तर वस्त्राकडून नजर वळवून ते घालणाऱ्या व्यक्तीकडे पाहावे लागते : तिचे नाव, तिचा वर्ण, तिचे घराणे. म्हणजे वस्त्रावरून ओळख वाचली जाते असे आपण समजतो, तेव्हा पुष्कळदा ओळखीवरूनच वस्त्र वाचले जात असते. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याची प्रतिज्ञा करणारी राज्यसंस्था अशा वेळी धर्माची सर्वांत चिकित्सक वाचक बनते.

यावर असे म्हटले जाईल, की अर्थ हा लेखकाच्या हेतूवर अवलंबून नसतो, हे साहित्यसमीक्षेनेच आपल्याला शिकविले. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली हेत्वाभासाची चर्चा केली, तेव्हापासून संहिता ही लेखकाच्या मालकीची मानली जात नाही. मग रुमाल बांधणारीने तरी अर्थावर हक्क का सांगावा? आक्षेप वजनदार आहे. चिन्हे सामाजिक असतात, आणि ‘मी हे माझ्या मर्जीने घातले’ एवढे म्हटल्याने त्यांचा इतिहास पुसला जात नाही. घरातील दडपण, मोहल्ल्याची नजर, पुरुषांनी आखलेली मर्यादा हे सारे त्या कापडात विणलेले असू शकते. इराणमध्ये २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हिजाबच्या नियमावरून ताब्यात घेतलेल्या महसा अमिनीचा मृत्यू झाल्यावर तेथील स्त्रियांनी रुमाल भर रस्त्यात जाळले, हे विसरता येत नाही. पण त्याच देशात १९३६ साली रझा शाहने सक्तीने पडदा उतरविला होता, हेही विसरता येत नाही. दोन्ही वेळा मजकूर शासनाने लिहिला. स्त्री केवळ चित्र राहिली.

मराठी वाचकाला येथे १९२७ चा महाड आठवावा. त्या डिसेंबरातील परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी दलित स्त्रियांना जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसे दागिने टाकून देण्यास सांगितले. तेथे मुक्ती होती ती चिन्हांकित न राहण्यात. जीन्सवर रुमाल बांधणारी मुस्लिम तरुणी वरवर पाहता नेमके उलट करते. ती आधुनिकतेच्या आत स्वतःला चिन्हांकित करू पाहते. तरीही या दोन कृती परस्परविरोधी नाहीत. इतरांनी लिहिलेला मजकूर खोडण्याचा आणि स्वतःचा मजकूर लिहून पाहण्याचा अधिकार हा एकच आहे. ‘साधा’, ‘सर्वसामान्य’ म्हणून जो वेश आपण गृहीत धरतो, तोही कोणाचा तरी वेश असतो, एवढे या दोन्ही कृती दाखवून देतात.

यातून एक भेद निष्पन्न होतो, आणि समीक्षेने तो जपणे आवश्यक आहे. संहिता वाचकाला उत्तर देऊ शकत नाही. व्यक्ती देऊ शकते. म्हणून व्यक्तीचे वाचन हे संवादावाचून पूर्ण होत नाही. गंमत अशी, की २००४ च्या त्या कायद्यातच शिस्तभंगाच्या कारवाईपूर्वी विद्यार्थ्याशी संवाद व्हावा, अशी तरतूद आहे. मात्र ज्या संवादाचा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, तो संवाद नव्हे, ती सूचना होय. वस्त्राच्या अर्थावर परिधान करणाऱ्याची मालकी नसेलही. परंतु त्या अर्थाविषयी प्रथम विचारले जाण्याचा आणि दिलेले उत्तर ऐकले जाण्याचा हक्क तिचा आहे. तो नाकारणारे वाचन कितीही सूक्ष्म असले तरी ते वाचन राहत नाही. तो निवाडा होतो.