कंसातली पहिली जागा

खोपोली, रविवार

चि. सोनी,

ऑफिसात कुणीतरी ऑटोलिस्पची तयार फाइल दिली, ती चालते, पण उघडून पाहिली तर नुसते कंसच कंस दिसतात, असं तू लिहिलंस. न वाचता चालवलेल्या फाइलीवर मोजणीचा नकाशा सोडणं मला पटत नाही, म्हणून हे पत्र. जॉन मॅकार्थी यांनी १९५८मध्ये एमआयटीत मांडलेली लिस्प ही भाषा १९८६मध्ये ऑटोलिस्प या रूपात ऑटोकॅडच्या आत आली. इतिहास तूर्त एवढाच पुरे.

पत्रात मी सगळं देवनागरीत लिहितोय. पडद्यावर रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंकच टाक.

कंस उघडला की पहिली जागा काम करणाऱ्याची. पुढचं सगळं त्याच्या हाती दिलेलं सामान. (+ २ ३ ४) म्हणजे ९. आपण मराठीत क्रियापद शेवटी ठेवतो, त्यामुळे पहिले काही दिवस हे उलटं वाटेल. (* २ (+ ३ ४)) यात आतला कंस आधी सुटतो, त्याचे ७ होतात, मग बाहेरचा गुणाकार १४ देतो. आधी गुणाकार की आधी बेरीज, हा शाळेतला वाद इथे उरतच नाही.

शाळेतली आणखी एक सवय मात्र मोड. तिथे जास्तीचा कंस घातला तरी बिघडत नाही. इथे कंस म्हणजे हुकूम. ((+ २ ३)) लिहिलंस तर यंत्र ५ला काम करायला सांगतं आणि ‘बॅड फंक्शन’ म्हणून अडतं. जागा सोडायला विसरलीस तरी तेच: (-७ ३) मध्ये वजाबाकी नाहीच, उणे सात ही संख्या पहिल्या जागी जाऊन बसली. दोन गोष्टींच्या मध्ये मोकळी जागा हवी, स्वल्पविराम नको.

आता यादी. रोजची लोकल घे: '(कर्जत पळसदरी केळवली डोळवली लौजी खोपोली). सुरुवातीचं ते एकेरी चिन्ह काढलंस तर यंत्र ‘कर्जत’ नावाचं फंक्शन शोधत बसेल. चिन्ह असलं की यंत्र काही करायला जात नाही, यादी जशीच्या तशी ठेवतं. या यादीचा ‘कार’ म्हणजे कर्जत. ‘कुडर’ म्हणजे पळसदरीपासून पुढची सगळी यादी, एकटी पळसदरी नव्हे. इथे बहुतेक जण घसरतात. एकटी पळसदरी हवी तर ‘कॅडर’. नकाशावरचा बिंदूही अशीच यादी असतो, म्हणून तुझ्या फाइलीत क्ष निर्देशकासाठी कार आणि य निर्देशकासाठी कॅडर जागोजागी दिसतील.

स्वतःचं फंक्शन बांधायला ‘डिफन’. कर्जत-खालापुरात फार्महाउसचे प्लॉट पाडायचे म्हणजे गुंठ्यांचा हिशेब आलाच:

(डिफन गुंठे (चौफूट) (/ चौफूट १०८९.०))

आधी नाव, मग कंसात काय घ्यायचं ते, मग काम. इथे ‘(चौफूट)’ हा कंस हुकूम नाही, नुसती नावांची यादी आहे. डिफनला तेवढी सूट. मग (गुंठे ५०००) विचारलंस की साधारण ४.५९ येतं. पण १०८९च्या पुढचं ‘.०’ गाळलंस तर उत्तर ४! दोन्ही पूर्णांक असले की ऑटोलिस्प भागाकाराचा अपूर्णांक टाकून देते. अर्ध्या गुंठ्याहून जास्त जमीन गायब, आणि पडद्यावर चूक म्हणून एक अक्षर नाही. सगळ्याच लिस्प असं करत नाहीत. कॉमन लिस्पमध्ये तोच भागाकार ५०००/१०८९ असा अपूर्णांक जपून ठेवतो. फाइलीतला प्रत्येक भागाकार या नजरेनं तपास.

शेवटी येणारे ‘))))’ बोटांनी मोजत बसू नकोस. ऑटोकॅडमधल्या व्हिज्युअल लिस्पच्या एडिटरला जोडीचा कंस शोधता येतो. ओळ लिहून एंटर दाबल्यावर खाली ‘(_>’ असं दिसलं तर एक कंस उघडा राहिलाय. तो बंद कर, काम पुढे सरकेल.

आज त्या फाइलीतला एकच डिफन घे आणि प्रत्येक कंसाची पहिली जागा पेन्सिलीनं अधोरेखित कर. अडलीस तर ‘चालत नाही’ एवढंच कळवू नकोस. पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी उतरवून पाठव.

तुझा,
मामा