वेल्लोरहून येणारा नमुना

नागपूरच्या रामदासपेठेत रक्त तपासायला गेलेल्या माणसाला काउंटरमागं काय चालतं ते दिसत नाही. चांगल्या लॅबमध्ये सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी यंत्रातून एक वेगळाच नमुना जातो. त्यात साखर किती, क्रिएटिनिन किती, हे आधीच ठाऊक असतं. आकडा जुळला तर दिवसाचं काम सुरू. एवढं झाल्यावर लॅबनं स्वतःवर भरवसा ठेवायला हरकत नसावी, पण तिथं थांबून चालत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्थेकडून ठरावीक काळानं नमुने येतात आणि त्यांचं उत्तर लॅबला माहीत नसतं. आपला आकडा कळवायचा. मग इतर लॅबच्या तुलनेत आपण कुठं घसरलो ते कागदावर परत येतं. एनएबीएल या प्रयोगशाळांच्या मान्यता मंडळाची मान्यता हवी असेल तर अशी बाहेरची परीक्षा द्यावीच लागते.

संगणक कंपन्यांना मात्र पहिल्याच, म्हणजे घरच्या घरी घेतलेल्या परीक्षेचं भारी कौतुक. आपला माल आपणच वापरायचा! १९८० साली अ‍ॅपलचे तेव्हाचे अध्यक्ष मायकेल स्कॉट यांनी फर्मान काढलं की कंपनीत यापुढं टाइपरायटर नको, आपलेच संगणक वापरा. मायक्रोसॉफ्टमध्ये १९८८ साली व्यवस्थापक पॉल मारिट्झ यांनी तोच आग्रह ई-मेलनं धरला. यात प्रामाणिकपणा आहे, हे मान्यच करायला हवं. जे स्वतःच्या घरात चालत नाही ते दुसऱ्याला विकू नये, इतकी साधी नीती त्यामागं आहे.

घोळ होतो तो ‘आपलाच माल’ म्हणण्यातल्या ‘च’पाशी.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवत असेल. साधारण नऊनंतर व्हॉट्सअ‍ॅप गप्प झालं, फेसबुक आणि इन्स्टाग्रामही. नेहमीच्या देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनं फेसबुकची डेटा केंद्रं एकमेकांपासून तुटली. ती आज्ञा अडवणारी तपासणीची सोय होती, तिच्यातही दोष निघाला. चूक कोणाच्याही हातून होते. पण दुरुस्ती लांबली ती वेगळ्याच कारणानं: कर्मचाऱ्यांची आपसांतली निरोपाची साधनं त्याच जाळ्यावर होती. काहींना तर ऑफिसची दारंही उघडेनात, कारण ओळखपत्र तपासणारी यंत्रणाही बंद, अशा बातम्या तेव्हा आल्या. जगाला दिलगिरी कळवायला कंपनीला ट्विटरवर जावं लागलं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या ओट्यावर.

अ‍ॅमेझॉनची गोष्ट त्याआधीची, २८ फेब्रुवारी २०१७ ची. त्यांची साठवण सेवा कोलमडली, पण ‘सेवा ठीक आहे की नाही’ हे दाखवणारा फलक पहिले जवळपास दोन तास बदलताच येईना. तो फलक चालवणारी यंत्रणाही त्याच साठवणीवर उभी होती. आगीची घंटा जळणाऱ्याच तारेला जोडलेली! अ‍ॅमेझॉननं नंतर हे स्वतःच्या निवेदनात सांगितलं आणि रचना बदलली. कौतुक करायचं तर मी या कबुलीचं करीन.

मला या यांत्रिक अडचणीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकते. कंपनीचा इंजिनिअर आपलं अ‍ॅप वापरतो तेव्हा त्याच्या हातात नवा फोन असतो, ऑफिसचं वायफाय असतं आणि अडलंच तर तो भाग लिहिणारा दोन टेबलं सोडून बसलेला असतो. मेळघाटातल्या आरोग्यसेविकेकडे यातलं काय असतं? तिला येणारी अडचण त्याला येतच नाही आणि ‘आम्हीही हेच वापरतो’ म्हणत तो निर्धास्त राहतो. त्यात भर पडते निष्ठेची. २००९ साली मायक्रोसॉफ्टच्या एका सभेत एका कर्मचाऱ्याच्या हातात आयफोन दिसला, तेव्हा प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी तो हिसकावून पायाखाली तुडवण्याचं नाटक केल्याच्या बातम्या आल्या होत्या. गंमतच ती. पण अशा गमतीनंतर ‘समोरच्याचा फोन आपल्यापेक्षा चांगला आहे’ हे साहेबांना सांगायला कोण उभं राहणार? मायक्रोसॉफ्टचा फोन पुढं बाजारातून गेलाच. त्याला कारणं अनेक होती. खोट्या निष्ठेचा वाटा किती, हे मोजता येत नाही.

स्वावलंबनाचा मुद्दा इथं कोणीतरी काढणार. काढावाच. नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, शिकलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. अमेरिकेनं हवा तो महासंगणक नाकारल्यानंतरची ती जिद्द होती. त्या परमच्या पोटात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते आणि त्यानं त्याचं स्वदेशीपण उणावलं नाही. कुठला भाग आपला हवा आणि कुठला बाहेरून घेतला तरी चालेल, हे ठरवण्याइतका आत्मविश्वास त्या लोकांत होता. तो नसला की माणसं सगळंच घरचं हवं म्हणून हटून बसतात.

रामदासपेठेतल्या रुग्णालयांत सॉफ्टवेअर विकायला येणारा माणूस ‘सर, आमचं स्वतःचं ऑफिसही यावरच चालतं’ असं अभिमानानं सांगतो. ऐकून घ्यावं, चांगली खूण आहे. मग चहा मागवून त्याला विचारावं की हे मध्यरात्री बंद पडलं, तर तुमचा तक्रारीचा नंबर कशावर चालतो?