यादीतलं एक नाव

आमच्या सांगलीकडच्या घरी भाद्रपदातला महालय म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम असे. पहाटे आजी न्हाऊन सोवळ्यात चुलीपुढे बसे. दारात त्या दिवशी रांगोळी नाही. तांदळाची खीर, उडदाचे वडे, अळू, गवार, भोपळा, कारलं, आमसुलाची चटणी असा सगळा स्वयंपाक व्हायचा आणि आम्हा पोरांना दुपारचे दोन वाजले तरी घास मिळायचा नाही. आधी कावळा, मग क्षण दिलेले ब्राह्मण, मग आपण. कावळा पानाला शिवेना, की आजोबा हात जोडून काय राहिलंय ते विचारत. एकदा "पुढल्या वर्षी घारगे करू" म्हटल्यावर तो आला. खरंखोटं दत्तमहाराज जाणोत, पण घारगे पुढे दरवर्षी झाले.

आता मी पुण्यात, चौथ्या मजल्यावर. श्राद्धाचा स्वयंपाक डब्यातून येतो. तिथी कामाच्या दिवशी आली तर सर्वपित्रीला उरकतो. गच्चीवर कबुतरंच फार, आणि गोग्रासासाठी गाय शोधायला रिक्षा करावी लागते. मुलगा परदेशातून मोबाईलवर नमस्कार करतो. पुष्कळांना याचं वाईट वाटतं. मला तितकंसं वाटत नाही. आजीच्या तोंडात चार वाजता अन्न पडे, तेही सगळ्यांची उष्टी काढून झाल्यावर. ते दिवस परत यावेत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

महालयात बाप, आजा, पणजा आणि त्यांच्या बायका एवढ्यावर भागत नाही. आईच्या माहेरचे येतात, मग चुलते, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू, स्नेही. गुरुजी नातं उच्चारतात, आपण नाव-गोत्र सांगायचं. आमच्या घरी यासाठी एक वही होती. तिच्यात चुलत्याच्या जागी कोणाचंच नाव नव्हतं. बाबांना धाकटा भाऊ होता. जमिनीवरून दोघांचं फाटलं, ते कोर्टापर्यंत गेलं. काका निपुत्रिक वारले तेव्हा बाबांनी दहा दिवस सुतक पाळलं. पण महालयात नाव घेतलं नाही, शेवटपर्यंत. गुरुजी "पितृव्य" म्हणत, बाबा "पुढे चला" म्हणत.

बाबा गेल्यावर दर्भ माझ्या बोटात आला. पहिल्या वर्षी मीही "पुढे चला" म्हटलं. रात्री झोप लागली नाही. ज्यांचं कोणी नाही, ज्यांची नावंही ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठीसुद्धा आपण एक पिंड देतो. म्हणजे अनोळख्याला अन्न, आणि ज्यांनी मला खांद्यावर बसवून वाडीच्या पालखीला नेलं, त्या काकांना नाही! त्या पिंडाशी बाबांचा हात जरा रेंगाळत असे, असं मला आता आठवतं. की मीच तसं आठवून घेतो आहे?

पण प्रश्न इतका सोपाही नव्हता. भांडण बाबांचं होतं, नुकसान त्यांचं झालं होतं. त्यांच्या वतीने क्षमा करणारा मी कोण? आणि बाबांनाच बोलावून त्यांच्या पंगतीत काकांना बसवायचं, तर बाबा उठून नाही का जाणार?

गुरुचरित्राच्या पाचव्या अध्यायातली पीठापूरची सुमती आपण सगळेच वाचतो. घरी अमावास्येचं श्राद्ध, ब्राह्मण अजून जेवायचे आहेत, आणि दारात भिक्षेकरी उभा. रीत म्हणते थांब. तिने वाढलं. तो दत्त निघाला, पुढे तिच्याच पोटी श्रीपाद श्रीवल्लभ म्हणून आला. आपण हे वाचताना शेवट ठाऊक असल्याने निर्धास्त असतो. तिला तो ठाऊक नव्हता. श्राद्ध बिघडेल, घरचे रागावतील, एवढंच तिला त्या क्षणी ठाऊक असणार.

शिवाय त्या यादीकडे नीट पाहिलं. चुलता कसा वागला, हे तिच्यात कुठेच विचारलेलं नाही. यादी नात्यावर आहे, वागणुकीवर नाही. म्हणजे मी क्षमा करतो की नाही, हा प्रश्न तिथे येतच नव्हता. कोर्टातला निकाल कोणाच्याही बाजूने लागो, भूक लागते ती लागतेच. बाबांना काय वाटेल, याचं उत्तर मात्र मला अजून मिळालेलं नाही.

या भाद्रपदात गुरुजी "पितृव्य" म्हणाले, आणि सवयीने पुढे निघाले. मी म्हटलं, "थांबा, आहेत." नाव सांगितलं. आमच्या घरात ते नाव चाळीस वर्षांनी मोठ्याने उच्चारलं गेलं. अंगठा आणि तर्जनीमधून तीळपाणी सोडलं. गुरुजी मामांकडे वळले.

मोबाईलमधून मुलाने विचारलं, "बाबा, हे कोण?"

सगळं आटोपल्यावर त्याला सांगायला बसलो. वाडीच्या पालखीपासून सुरुवात केली. डबा बराच वेळ तसाच निवत राहिला.