कमी उजेडाचा हिशेब

उजेड निम्मा झाला तर वेळ दुप्पट करा, परिणाम तोच. फिल्म फोटोग्राफीत शिकायचा हा पहिला नियम. 1862 साली बुन्सेन आणि रॉस्को यांनी मांडलेला हा हिशेब दिवसाउजेडी चोख जमतो, अंधार पडला की बिघडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल श्वार्त्सशिल्ड या खगोलशास्त्रज्ञाला ताऱ्यांचं तेज फोटोवरून मोजताना हेच आढळलं. कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मचा तक्ता सांगतो: मीटर 1 सेकंद म्हणाला तर 2 द्या, 10 म्हणाला तर 50, आणि 100 म्हणाला तर 1200. म्हणजे एक मिनिट चाळीस सेकंदांच्या जागी वीस मिनिटं.

कारण साधं आहे. सिल्व्हर हॅलाइडच्या कणावर प्रकाश पडला की चांदीचा एक अणू सुटा होतो, पण तो एकटा टिकत नाही. दुसरा वेळेत आला नाही तर पहिलाही विरून जातो. मोजके अणू एकत्र जमले तरच डेव्हलपर त्या कणाची दखल घेतो. भर उन्हात सोबत लगेच मिळते. अंधारात आलेलंही हातचं जातं.

'परिस्थिती बेताची आहे ना, मग दुप्पट कष्ट कर,' हा सल्ला त्याच पहिल्या नियमातून येतो. वरवर तो निःपक्षपाती वाटतो. पण ज्याच्याकडे थोडं असतं, त्याचं ते थोडंही टिकत नाही. वर्षभर साठवलेले पैसे एका आजारपणात जातात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. दुप्पट कष्टांनी तिथे बरोबरी होत नाही.

मग सढळ हाताने वेळ द्यावा? त्याच चौकटीत रस्त्यावरचा दिवाही असतो. सावलीसाठी वेळ वाढवला की तो पांढराफटक पडतो. म्हणून जाणकार डेव्हलपिंगचा वेळ कमी करतात. सावलीला त्याचा फारसा फटका बसत नाही, दिव्याची झळाळी मात्र आवरली जाते. सावलीला दिलेलं फुकट नसतं.

शिवाय वेळ सगळ्यांच्या उपयोगाचा नसतो. 1838 च्या सुमारास दागेरनं पॅरिसच्या एका रस्त्याचं चित्र घेतलं. एक्स्पोजर काही मिनिटांचं. चालणारी माणसं, घोडागाड्या, सगळं पुसलं गेलं. ठळक उरला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला माणूस. लांबलेली मुदतही ज्याला थांबणं परवडतं त्याच्याच कामी येते.

फिल्म म्हणजे समाज नव्हे आणि उपमा म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. पण प्रमाणात दिलं म्हणजे न्याय झाला, ही समजूत एवढ्या साध्या रसायनातही टिकत नाही, तर माणसांत ती गृहीत धरायला आधार काय? मीटर फक्त उजेड मोजतो. चित्रात काय दिसायला हवं, हे तो सांगत नाही. एक्स्पोजर 'योग्य' ठरवताना ते कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं, आणि त्याचं उत्तरदायित्व मीटरवर ढकलता येत नाही.