स्वप्नवत् संसार आणि गृहस्थाचे कर्तव्य

संसार स्वप्नवत् आहे, हे वचन आपल्या देशात लहान मुलाच्याही कानावरून गेलेले असते. कीर्तनात, पुराणात, स्मशानातून परतणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ते पुनःपुन्हा येते. ऐकणारा मान डोलावतो, क्षणभर उदास होतो आणि घरी पोहोचताच नेहमीच्या कामास लागतो. परंतु कधी कधी एखाद्या गृहस्थास हे वचन ऐकावे लागत नाही. संसार त्याला तसाच दिसू लागतो. रोजचा रस्ता, दुकाने, ओळखीची माणसे, सारे काचेपलीकडचे भासते. घरच्यांचा आवाज दुरून आल्यासारखा वाटतो. स्वतःचे हातही कोणा दुसऱ्याचे आहेत की काय, अशी शंका येते. अशा माणसास शांती लाभलेली नसते. त्याला भय वाटते, आणि त्या भयावर पांघरूण घालण्यासाठी तो कित्येकदा वेदान्ताचा आश्रय घेतो. येथेच मोठा घोटाळा होतो.

माळव्यातील एका कापडाच्या पेढीवर मुनीम असलेल्या गृहस्थांचे असेच झाले. एकोणीस वर्षांचा मुलगा तापाने गेला. बारा दिवस सारे विधी त्यांनी यथासांग केले, परंतु डोळ्यांतून टिपूस आले नाही. लोक म्हणाले, मोठा धीराचा पुरुष. पुढे त्यांची झोप गेली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते योगवासिष्ठ वाचीत बसत. बाजार चित्रासारखा दिसू लागला, तेव्हा आपल्याला जगन्मिथ्यात्वाचा अनुभव आला असे त्यांनी मनाशी ठरविले. धाकट्या मुलीच्या शाळेची फी दोन महिने भरली गेली नाही. पत्नी काही विचारू लागली की ते मंद हसत आणि म्हणत, स्वप्नात कसली फी आणि कसली शाळा?

आठ महिन्यांनी पतिपत्नी हृषीकेशास गेली. गंगातीरी एका वृद्ध महात्म्यांचा सत्संग चाले. मुनीमजींनी आपला अनुभव त्यांना निवेदन केला आणि आपली स्थिती पडताळून पाहण्यासाठी म्हणून श्रीरामकृष्ण परमहंसांनी सांगितलेली शेतकऱ्याची कथा सांगितली. त्या ज्ञानी शेतकऱ्याचा एकुलता मुलगा वारला, तरी तो रडला नाही. पत्नीने निष्ठुर म्हणून बोल लावला, तेव्हा तो म्हणाला, काल स्वप्नात मी राजा होतो, आठ मुलांचा बाप होतो. जागा झालो आणि ती सारी गेली. आता त्या आठांसाठी रडू की या एकासाठी?

महात्म्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग पत्नीकडे वळून ते म्हणाले, “आई, तुझे काय म्हणणे आहे?”

ती बराच वेळ बोलली नाही. शेवटी म्हणाली, “महाराज, हे म्हणतात सारे स्वप्न आहे. असेल. पण त्या स्वप्नात मी एकटीच रडते आहे.”

महात्म्यांनी मुनीमजींना विचारले, “पेढीच्या रोजकीर्दीत संध्याकाळी शंभर रुपयांची तूट आली तर आपण काय करता?”

“मेळ बसेपर्यंत उठत नाही, महाराज.”

“स्वप्नातल्या रुपयांसाठी इतका जागता पहारा! आणि मुलीची फी तेवढी मिथ्या?”

मुनीमजींनी मान खाली घातली. मग त्या शेतकऱ्याच्या कथेचा जो भाग त्यांच्या स्मरणातून गळला होता, तो महात्म्यांनी सांगितला. मुलगा पटकीने आजारी पडल्याचे कळताच तो शेतकरी शेत सोडून घरी धावला. त्याने मुलावर होतील तेवढे उपचार केले. मुलगा गेल्यावर त्याने घरच्यांची समजूत घातली आणि पुन्हा शेतीच्या कामास गेला. त्याचे ज्ञान त्याला मुलाच्या अंथरुणापाशी जाण्याआड आले नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही कथा सांगून झाल्यावर श्रीरामकृष्णांनी आपण स्वतः मात्र सर्वच स्वीकारतो, असे सांगितले: तुरीयही आणि जागृती, स्वप्न, सुषुप्तीही, ब्रह्मही आणि जीवजगतही. बेलफळाचे वजन करताना गर तेवढा ठेवून कवच आणि बिया टाकल्या तर वजन कमी भरते, असा त्यांचा दृष्टान्त आहे. हिशेबनीसाला याहून चांगला दृष्टान्त कोणता सांगावा?

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकांत जागृती आणि स्वप्न यांचे साम्य दाखविले आहे, हे खरे. परंतु त्या विचाराचा अधिकारी विवेक-वैराग्यादी साधनांनी तयार झालेला शिष्य असतो, आणि त्याची दृष्टी दोहोंच्या साक्षीकडे वळविणे हा त्या साम्याचा हेतू आहे. त्यांच्याच परंपरेतील श्रीशंकराचार्यांना जेव्हा ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात विज्ञानवादाचे खंडन करावयाचे होते, तेव्हा त्यांनी सूत्रकारांस अनुसरून स्पष्ट सांगितले की जागृतीतील ज्ञान स्वप्नज्ञानासारखे नाही. स्वप्नात दिसलेली वस्तू जागे होताच बाधित होते. जागेपणी दिसलेला खांब तसा कोणत्याही अवस्थेत बाधित होत नाही. ज्या आचार्यांच्या नावावर लोक जगाला स्वप्न म्हणून झटकून टाकतात, त्यांचेच हे प्रतिपादन आहे! ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहाराची सत्ता त्यांनी पूर्णपणे मानली आहे. भुकेल्यास अन्न, आजाऱ्यास औषध आणि ऋणकोस फेड, ही त्या सत्तेतील देणी आहेत. ‘स्वप्नवत्’ ही उपमा आहे, आणि उपमा एकदेशी असते. मुख चंद्रासारखे म्हटल्याने त्यावर डाग शोधावयाचे नसतात.

श्रीमद्भगवद्गीता तर याबाबतीत अधिकच सावध आहे. सोळाव्या अध्यायात जगाला असत्य, निराधार आणि ईश्वरविरहित म्हणणाऱ्यांची गणना श्रीभगवानांनी आसुरी संपत्तीच्या लोकांत केली आहे. अर्थात दुःखाने गांजलेल्या बिचाऱ्या मुनीमजींना कोणी आसुरी म्हणणार नाही. पण जगाच्या मुळाशी असलेल्या परमात्म्यास वगळून नुसते ‘असत्य, असत्य’ म्हणत राहिल्याने कोणती वाट लागते, ते तेथे दिसते. आणि अठराव्या अध्यायात मोहाने केलेला नियत कर्माचा त्याग तामस ठरविला आहे.

मोह हा शब्द येथे फार महत्त्वाचा. अर्जुनाची पहिल्या अध्यायातील अवस्था आठवावी. गात्रे शिथिल झाली, तोंड कोरडे पडले, गांडीव हातातून गळू लागले, मन भ्रमले. तोही त्या घटकेस संन्यासाच्याच गोष्टी बोलत होता, आणि त्याचे बोलणे वरवर पाहता वैराग्याचे वाटते. श्रीभगवानांनी त्याला ज्ञानी मानले नाही. ते त्याच्याशी प्रेमाने बोलले, आत्म्याचे नित्यत्व सांगितले, सुखदुःखाचे स्पर्श येणारे-जाणारे आहेत म्हणून ते सोसावयास सांगितले. परंतु रथ जेथे उभा होता तेथून हलविला नाही. शेवटी अर्जुन जे म्हणतो त्याचा आशय असा की मोह गेला, स्मृती परत आली. म्हणजे त्याच्या दृष्टीने जग विरून गेले नाही. हरवलेले त्याला सापडले आणि त्याने धनुष्य उचलले.

ज्ञान आणि ही व्याधी यांतील अंतर ओळखावयाचे कसे, असे कोणी विचारील. ज्ञानाने ‘मी’ झिजतो. या अवस्थेत जग झिजते आणि ‘मी’ मात्र चोवीस तास स्वतःकडेच पाहत बसतो: मला आज कसे वाटते? काल वाटले तसेच का? मी वेडा तर होणार नाही? ज्ञान्यास दुसऱ्याचे दुःख अधिक जवळचे होते. येथे स्वतःच्या पत्नीचे रडणेही दूर जाते. चौदाव्या अध्यायात अप्रकाश, अप्रवृत्ती, प्रमाद आणि मोह ही तमोगुणाच्या वाढीची लक्षणे सांगितली आहेत. तमोगुणाचे जडत्व आणि सत्त्वाची शांती बाहेरून सारखीच निश्चल दिसतात. झाकलेली विहीर आणि भरलेली विहीर दोन्हींतून आवाज येत नाही.

तथापि अशा माणसाने घाबरून जाण्याचे कारण नाही. आपल्याला सारे स्वप्नासारखे वाटते, हे तो जाणतो; स्वप्नात गुंतलेल्यास सहसा ही जाणीव नसते. जाणणारा आत जागाच आहे. वैद्यकशास्त्रासही ही अवस्था चांगली परिचित आहे. दीर्घ जागरण, तीव्र शोक, अकस्मात बसलेला धक्का, सततची चिंता, मादक पदार्थांचे सेवन यांमुळे ती येते, आणि बहुधा ओसरतेही. ती फार दिवस टिकली, किंवा तिच्यामुळे जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. साधक म्हणविणारे कित्येक जण यात कमीपणा मानतात. हाही देहाभिमानाचाच एक प्रकार होय. सहाव्या अध्यायात श्रीभगवानांनी योग्यालाच बजावले आहे की अति खाणाऱ्यास किंवा मुळीच न खाणाऱ्यास, अति झोपणाऱ्यास किंवा जागतच राहणाऱ्यास योग साधत नाही. जे योग्यास लागू, ते पेढीवरील मुनिमास लागू नाही असे कोण म्हणेल?

महात्म्यांनी मुनीमजींना जे सांगितले ते याच धर्तीचे होते. रात्री दहानंतर ग्रंथ मिटावा. योगवासिष्ठ सध्या बाजूस ठेवावे. आणि वाचावयाचेच असेल तर हे लक्षात ठेवून वाचावे की त्यात सोळा वर्षेही पूर्ण न झालेले, अन्नपाण्यावरून मन उडालेले राम वसिष्ठांचा उपदेश ऐकून आपल्या कर्तव्यास लागतात. गावी परतल्यावर डॉक्टरांस भेटावे. एकांतात ध्यानास बसण्याऐवजी सकाळी तुळशीस पाणी घालावे, मुलीला शाळेत पोहोचवावे, संध्याकाळी पत्नीजवळ बसावे आणि मुलाविषयी बोलावे. प्रत्येक काम ‘हे नारायणास’ म्हणून हाताने करावे. खरे वाटते की खोटे, याची चौकशी मनाकडे करू नये.

“परंतु महाराज, खरे न वाटता केलेले कर्म ढोंग होणार नाही काय?” मुनीमजींनी विचारले. प्रश्न प्रामाणिक होता.

महात्मे म्हणाले, “तापात तोंडाला चव नसते. म्हणून पेज घेणारा ढोंगी ठरतो काय? चव नंतर येते. पेज आधी घ्यावी लागते.”

मुनीमजी परतले. पहिल्याच आठवड्यात मुलीची फी भरली गेली. डॉक्टरांनी झोपेवर औषध दिले आणि दर पंधरवड्यास येण्यास सांगितले. बाजार लगेच खरा दिसू लागला असे मात्र झाले नाही. कित्येक दिवस ते मुलीचा हात धरून शाळेपर्यंत जात आणि तो हात त्यांना लाकडासारखा लागे. तरी ते जात. संध्याकाळी पत्नी मुलाच्या लहानपणच्या गोष्टी काढी. प्रथम ते नुसते ऐकत. पुढे एखादी तारीख चुकली तर दुरुस्त करू लागले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पिंडासाठी भात हातात घेतला, तेव्हा तो त्यांना एकदम ऊन लागला. त्यांनी हात झटकला नाही. तो तसाच धरून ते बसले, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. उपाध्याय क्षणभर थांबले. आतून पत्नी दारापर्यंत आली, त्यांना रडताना तिने पाहिले आणि पदर डोळ्यांना लावून ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.